मदत हवी आहे: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, तरीही स्पॅम. छोट्या मेल सर्व्हरवर काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

स्वतःच्या डोमेनवर छोटा मेल सर्व्हर चालवतो, वापरणारे फक्त घरचे. डेबियन लिनक्स, मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डव्हकॉट आणि स्पॅम गाळायला आरस्पॅमडी (तो प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो). "एवढा उपद्व्याप कशाला, मोठ्या कंपनीकडे खातं काढा" हा सल्ला ऐकून झाला आहे, तेवढा कृपया नको.

पूर्वीचा स्पॅम ओळखायला सोपा होता. पाठवणाऱ्या मशीनला रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही, हेलोमध्ये (जोडणी करताना मशीन सांगते ती ओळख) काहीतरी अगम्य नाव, एसपीएफ (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवरून यावी याची यादी) नापास. तो आता दारातच अडतो. सध्या येतोय त्याची कागदपत्रं मात्र चोख: डोमेन नवंकोरं, एसपीएफ पास, डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल) सही बरोबर, डीमार्कसुद्धा (या दोन्हींपैकी एक तरी पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या डोमेनशी जुळतं का ते) पास. आयपी कुठल्यातरी होस्टिंगवाल्याचा. तो फायरवॉलमध्ये टाकला की पुढची मेल शेजारच्या आयपीवरून, दुसऱ्याच डोमेनच्या नावानं. मजकूर शब्दशः तोच. आरस्पॅमडी तिला तीन-साडेतीन गुण देतो आणि ती सरळ इनबॉक्समध्ये जाते.

दुसरं कोडं पत्त्याचं. प्रत्येक वेबसाइटला मी प्लस लावून वेगळा पत्ता देतो, म्हणजे कुणी फोडला ते कळावं. पण हा सगळा स्पॅम प्लसविना, मूळ पत्त्यावर येतो, आणि तो पत्ता मी कुठल्याच फॉर्ममध्ये भरलेला नाही.

तर, अख्खा /२४ चा पट्टा (लागोपाठचे २५६ आयपी) बंद करणं शहाणपणाचं आहे का? पत्ता कुठून गेला हे शोधायचं कसं? आणि आरस्पॅमडीत स्पॅमहाउसच्या (स्पॅमर्सचे आयपी आणि डोमेन नोंदवणारी संस्था) याद्या चालू आहेत, पण त्यांच्यामुळे गुण वाढलेली एकही मेल लॉगमध्ये दिसत नाही. हे नॉर्मल आहे का?

प्रतिसाद १

नॉर्मल नाही. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे बघा.

सर्व्हरचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा) कोणता आहे? ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा सार्वजनिक असेल तर स्पॅमहाउसला विचारणा तुमच्याकडून नाही, त्या रिझॉल्व्हरकडून आलेली दिसते. अशा विचारणांना ते फुकट उत्तर देत नाहीत. उत्तर म्हणून १२७.२५५.२५५.२५४ येतं, ज्याचा अर्थ "तुम्हाला सांगणार नाही" एवढाच. आरस्पॅमडीला हा कोड कळतो. तो शून्य गुण देऊन पुढे जातो, फक्त हेडरमध्ये "ब्लॉक्ड ओपनरिझॉल्व्हर" असं शेपूट असलेलं चिन्ह टाकतो.

खात्री करायची तर १२७.०.०.२ हा पत्ता झेन यादीत (स्पॅमहाउसची आयपींची एकत्रित यादी) विचारून बघा (आकडे उलटे लावून, नेहमीप्रमाणे). हा चाचणीसाठीच राखलेला पत्ता आहे आणि तो यादीत सापडलाच पाहिजे. नाही सापडला तर सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर चालवायचा प्रोग्रॅम) बसवा आणि रिझॉल्व्हर म्हणून तोच द्या. अनबाउंडला पुन्हा कुणा बाहेरच्या रिझॉल्व्हरकडे फॉरवर्ड करायला लावू नका, नाहीतर गाडी तिथेच अडेल.

जाता जाता, झेन थेट पोस्टफिक्समध्ये लावणाऱ्यांसाठी: तिथे उत्तराचा कोड तपासायची अट घातली नसेल तर पोस्टफिक्स कुठलंही उत्तर "यादीत आहे" असं धरतो. म्हणजे याच १२७.२५५.२५५.२५४ मुळे येणारी झाडून सगळी मेल परत जाईल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क पास झाले म्हणजे पाठवणारा खरोखर त्याच डोमेनचा आहे एवढंच सिद्ध होतं. तो सज्जन आहे असं नाही. स्वतःचं डोमेन विकत घेऊन स्वतःच सही करणाऱ्याला ते का अडवतील? याला स्नोशू स्पॅम म्हणतात: खूप आयपी, खूप डोमेन, प्रत्येकावरून थोडी थोडी मेल.

/२४ बद्दल. बंद करायचाच असेल तर फायरवॉलमध्ये नको. तिथे पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातं, पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये काही येत नाही, आणि त्या पट्ट्यातून एखादी खरी मेल येत असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर कित्येक दिवस प्रयत्न करत बसतो. पोस्टफिक्सच्या सीआयडीआर (आयपी पट्ट्यांच्या) तक्त्यात पट्टा घाला आणि ५५० (कायमचा नकार) बरोबर कारण लिहा. खऱ्या माणसाला लगेच कळतं, तुम्हालाही नोंद मिळते. सुरुवातीला नियमाआधी "वॉर्न इफ रिजेक्ट" लावलंत तर काय काय अडलं असतं ते नुसतं लॉगमध्ये बघता येतं.

प्लसच्या पत्त्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. प्लसनंतरचा भाग कापणं हे स्पॅमरला एका ओळीचं काम आहे. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी पूर्ण वेगळा अलियस द्या आणि मूळ मेलबॉक्सचं नाव असं ठेवा की त्यावर बाहेरून मेल घ्यायचीच नाही. कॅच-ऑल (डोमेनवरच्या कुठल्याही नावाची मेल घेणं) चालू असेल तर तो आधी बंद करा.

आणि पत्ता फुटलाच असेल असंही नाही, तो अंदाजानंही सापडतो. लॉगमध्ये त्या मेलचा क्यू आयडी (पोस्टफिक्स प्रत्येक मेलला देतो तो क्रमांक) शोधा, त्यावरून आयपी, आणि मग त्याच आयपीच्या आसपासच्या ओळी वाचा. "युजर अननोन" म्हणून नाकारलेली इन्फो, सेल्स, अ‍ॅडमिन आणि नेहमीची पाळण्यातली नावं रांगेनं दिसली तर कुणीतरी शब्दकोश घेऊन बसलंय असं समजा. असं काही नसेल तर जुने गिट कमिट (कोडच्या बदलांच्या नोंदी, त्यात लेखकाचा पत्ता असतो) बघा, पत्ते तिथूनही उचलले जातात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रिझॉल्व्हर सार्वजनिकच होता, चाचणीचं उत्तर १२७.२५५.२५५.२५४ आलं. अनबाउंड लावल्यावर त्यातल्या बऱ्याच मेल १५ गुणांच्या वर जाऊन परत जातायत. लॉगमध्ये नावांची रांगही सापडली, माझं नाव बरोब्बर मधे.

तरी काही अजून निसटतात. डोमेन इतकं ताजं असतं की कुठल्याच यादीत नसतं. आणि होस्टिंगवाल्याकडे तक्रार करून काही होतं का?

प्रतिसाद २

ताज्या डोमेनवर ग्रेलिस्टिंग कामाला येतं. आरस्पॅमडी मुळात ४ गुणांपासून ग्रेलिस्ट करतो, ते ३ वर आणा. पहिल्या खेपेला तात्पुरता नकार जातो, पाच मिनिटांनंतर पुन्हा आली तर मेल घेतली जाते, आणि तेवढ्यात डोमेन कुठल्यातरी यादीत चढण्याची शक्यता असते. तोटा असा की ओटीपीची मेल त्यात अडकली तर घरचे तुमच्या नावानं ओरडतील.

मजकूर तोच येतोय म्हणता, तर बेजला (आरस्पॅमडीतला, उदाहरणांवरून शिकणारा गाळणीचा भाग) शिकवा. जंक फोल्डरमध्ये टाकलेली मेल आयमॅपसीव्हमधून (डव्हकॉटची सोय) आपोआप शिकवता येते. फक्त चांगल्या मेलही शिकवा. दोन्ही प्रकारच्या प्रत्येकी २०० झाल्याशिवाय आरस्पॅमडीचा बेज तोंडच उघडत नाही, आणि बरेच जण इथेच "चालत नाही" म्हणून सोडून देतात.

तक्रार जरूर करा, काही होस्टिंगवाले खरोखर खातं बंद करतात. आयपी मात्र तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं लावलेल्या, सगळ्यात वरच्या रिसीव्ह्ड ओळीतला घ्या. त्याखालच्या ओळी पाठवणाऱ्याला हव्या तशा रचता येतात. हूइजमध्ये (आयपी कुणाच्या नावावर आहे ते सांगणारी नोंद) त्या आयपीचा अब्यूजचा, म्हणजे तक्रारीचा, पत्ता मिळेल. हेडर जोडताना आपला पत्ता आणि मेसेज आयडी खोडा. काही जण तक्रार जशीच्या तशी ग्राहकाला पाठवतात, आणि मग तो फक्त तुम्हाला यादीतून काढून बाकीच्यांना पाठवत राहतो.