१९७९ ची मर्सिडीज २८० एसएल : फायरवॉलच्या गंजाबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आमच्याकडे १९७९ सालची मर्सिडीज-बेंझ २८० एसएल आहे. वडिलांनी ती नव्वदच्या दशकात घेतली आणि त्यांच्यानंतर तिची देखभाल मी करतो. १९७१ ते १९८९ या काळात निघालेल्या आर१०७ मालिकेतली ही उघड्या टपाची गाडी आहे. तिचे २७४६ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि बॉशची के-जेट्रॉनिक इंधनप्रणाली मूळचीच असून दोन्ही उत्तम चालतात. प्रश्न पत्र्याचा, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांचा भाग वेगळा करणाऱ्या फायरवॉलचा आहे.

यंदाच्या पावसाळ्यात डावीकडच्या आसनापुढचा गालिचा ओला लागू लागला. टपाचे कापड आणि काचेचे रबर तपासले, तर दोन्ही ठीक होते. गालिच्याखालचा जाड थर मात्र इतका भिजला होता की बोटाने दाबताच तांबूस पाणी वर येत होते. या मॉडेलमध्ये पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते आणि तिच्यातून पडणारे पाणी दोन्ही बाजूंच्या निचऱ्याच्या वाटांनी खाली जाते. त्या वाटा तुंबल्या की पाणी हीटर बॉक्सभोवतीच्या सांध्यातून आत झिरपते आणि त्यामागचा फायरवॉलचा पत्रा नजरेआड सडत राहतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत गाडीशेजारी गुलमोहर आहे. त्याची बारीक पाने जाळीतून सहज आत जातात आणि खाडीकडची दमट हवा तर बारा महिने असतेच. निचरा मोकळा करून घेतल्यावर डावीकडच्या जोडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तेव्हा त्याचे टोक पत्र्यात रुतले.

एका गॅरेजने वरून सीलंट आणि आतून फायबरचे ठिगळ सुचवले. मला हा उपाय मुळीच मान्य नाही, कारण पक्के छप्पर नसलेल्या गाडीचा ताठपणा तळपत्रा, दरवाज्याखालचे सिल आणि फायरवॉल यांवरच टिकून असतो. दुसऱ्या मेस्त्रींच्या मते डॅशबोर्ड आणि हीटर बॉक्स पूर्ण उतरवून सडका भाग कापावा व नवा पत्रा वेल्ड करावा. हेच योग्य वाटते. पण आमच्या गाडीचा चॅसिस क्रमांक याच फायरवॉलच्या वरच्या कडेवर ठोकलेला आहे. व्हिंटेज नोंदणीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २०२९ पर्यंत आम्हाला नेहमीचेच नूतनीकरण करावे लागेल आणि त्या वेळी ठाणे आरटीओत हा क्रमांक तपासला जाईल. क्रमांकाची पट्टी न हलवता खालचा पत्रा बदलणे शक्य आहे का? असे काम आपण करून घेतले असल्यास आधी आरटीओला लेखी कळवले होते का आणि कोणती छायाचित्रे जोडली होती, हे कृपया सांगावे.

काम चालेल तेवढे महिने गाडी उभीच राहील, ही दुसरी काळजी आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि के-जेट्रॉनिकच्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला (सिलिंडरांना इंधन वाटून देणाऱ्या भागातला) प्लंजर, म्हणजे वरखाली सरकणारा दांडा, तसाच पडून राहिल्यास अडकतो. त्यामुळे टाकी रिकामी करून ठेवावी, की अधूनमधून इंजिन सुरू करत राहावे?

वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भे परिसरात जुन्या गाड्यांचे पत्राकाम पुट्टीने न झाकता खरोखर वेल्डिंगने करणारे कारागीर माहीत असल्यास अवश्य कळवावे. पुण्यापर्यंत ट्रेलरवरून नेण्याचीही माझी तयारी आहे.