मदत हवी आहे: कुत्र्यासाठी रिमोटवाला शॉकचा पट्टा कोणता घ्यावा? (तातडीचं)

डाळिंबवाला
नमस्कार मंडळी. कुत्र्याच्या गळ्यात घालायचा रिमोटवाला पट्टा घ्यायचाय. ८०० मीटर तरी रेंज पाहिजे, भिजला तरी चालला पाहिजे, पाच हजारांच्या आत बसला पाहिजे. आहे तो पट्टा कामाचा नाही. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा. "प्रेमाने शिकवा, ऐकतो" हे नको, ते सगळं करून झालंय. शनिवारच्या आत मागवायचाय.

टेकडीवरचा
कुत्रा कुठला? वय किती? पट्टा कशासाठी? आणि आहे तो "कामाचा नाही" म्हणजे बंद पडलाय, की चालतोय पण कुत्रा दाद देत नाही? वर्णन असं लिहिलंय की पंप विकत घ्यायचाय असं वाटतं.

कोथरूडची_मनी
आम्ही आमच्या बीगलला भुंकण्यासाठीचा पट्टा आणला होता, सोसायटीच्या ग्रुपवर रोज तक्रारी यायच्या म्हणून. भुंकला की पट्टा आपोआप थरथरतो. प्रॉब्लेम असा झाला की समोरच्या फ्लॅटमधला पग भुंकला तरी आमच्याच्याच गळ्यात थरथर! बिचारा पलंगाखाली जाऊन बसायला लागला. काढून टाकला शेवटी. त्यापेक्षा बाल्कनीच्या काचेला खालून दोन फूट कागद चिकटवा, रस्ता दिसला नाही की भुंकत नाहीत.

डाळिंबवाला
ताई, भुंकण्याचा विषयच नाही. हा भुंकतच नाही. भुंकला असता तर शेरडांना निदान कळलं तरी असतं.
टेकडीवरचा, कारवान (शिकारी जात) आहे, नर, दीड वर्षाचा. सांगोल्याजवळ वस्ती आहे आमची, डाळिंबाची बाग. शेजाऱ्याची शेरडं बांधाने जातात, ती दिसली की हा सुटतो. मागच्या महिन्यात एक करडू मारलं. पैसे भरले, पण आता शेजारी म्हणतो पुढच्या वेळी पैसे नको, कुत्राच ठेवणार नाही. म्हणून घाई.

टेकडीवरचा
हे पहिल्यांदा सांगायचं ना राव.

निवांत_नाना
एवढा खर्च कशाला? आमच्या लहानपणी पळकुट्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधायचे. हातभर लाकडाचा ओंडका, दोरीने गळ्यात. पळायला लागलं की गुडघ्यावर आपटतं, दोन पावलांत थांबतं. कुत्र्याला लहान बांधा. रेंजही नको आणि चार्जिंगही नको.

गुरांचा_डॉक्टर
नाना, कारवानच्या पुढच्या पायाचं हाड बोटभर जाडीचं असतं. लोढणं बांधून तो शेरडामागे सुटला तर पाय मोडून माझ्याकडे येईल. कृपया कोणी करू नका.

टेक्सासचा_तात्या
मी वापरतो, म्हणून लिहितो. इथे रानात घर आहे, कुत्रे मोकळे असतात. पट्टा वाईट नाही, वापरणारा वाईट असतो. इकडे रॅटलस्नेकपासून कुत्र्यांना लांब ठेवायला हाच पट्टा वापरतात: तोंड बंद केलेला साप ठेवायचा, कुत्रा हुंगायला गेला की झटका. पुढे सापाचा वास आला तरी कुत्रा वळसा घालून जातो. शेरडांसाठी तेच करा. मात्र पाच हजारांत चांगला पट्टा मिळणं कठीण. स्वस्त पट्ट्यात १० वरून ११ केलं की काहीच नाही आणि १२ केलं की एकदम जोरात, असं होतं. रेंजचे आकडेही मोकळ्या मैदानातले असतात. झाडं, चढउतार आले की निम्म्याने विसरा.

हेसेनकर
तात्या, पुन्हा सुरू झालात. जर्मनीत हा पट्टा वापरणंच बेकायदेशीर आहे. २००६ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की प्रशिक्षकाने वापरला तरी चालणार नाही. वेल्सने २०१० मध्ये बंदी घातली. आणि परिणामकारक म्हणाल तर लिंकन विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास वाचा. बोलावल्यावर न येणारे ६३ कुत्रे तीन गटांत घेतले होते. पट्ट्याशिवाय, खाऊ देऊन शिकवलेले कुत्रे पट्टावाल्यांपेक्षा कुठेही मागे पडले नाहीत, उलट हुकूम लवकर पाळत होते. मग शॉक कशाला?

टेक्सासचा_तात्या
तुम्ही एक वाचलात, मी दुसरा सांगतो. २०२४, अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ. १९ कुत्रे, तीन गट (एक पट्ट्याचा, दोन खाऊचे), समोर वेगाने ओढलं जाणारं आमिष. पट्ट्याचा गट पाठलाग सोडून थांबला, खाऊवाल्या दोन्ही गटांतलं एकही थांबलं नाही. इथे प्रश्न पाठलागाचाच आहे. "ये रे" म्हटल्यावर येण्याचा नाही.

हेसेनकर
आणि पट्टावाले कुत्रे सुरुवातीला केकाटले, हेही त्याच अभ्यासात लिहिलंय. ते गाळलंत. शिवाय रिमोट अनुभवी प्रशिक्षकाच्या हातात होता, बांधावर घाईत असलेल्या शेतकऱ्याच्या नाही.

डाळिंबवाला
दोघांनाही नमस्कार. भांडण चालू द्या, पण पट्ट्याचं नाव कोणीच सांगितलं नाही.
आधीच्या पट्ट्याचं विचारलं होतं म्हणून सांगतो. ऑनलाइन घेतलेला, १ ते १०० पर्यंत आकडे. २० ला काही नाही, ४० ला काही नाही. ६० ला एकदा असा केकाटला की विहिरीवरची माणसं धावत आली. दुसऱ्या दिवशी त्याच ६० ला पुन्हा काही नाही, मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. म्हणजे पीस खराबच आहे ना? म्हणून जास्त पॉवरचा बघतोय.

जतकर
थांबा, मागवू नका. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हीच कुत्री आहेत. मला सांगा, पट्टा मानेवर कुठे बसतो? कानाच्या मागे लगेच, की घसरून खाली खांद्याजवळ येतो?

डाळिंबवाला
घालतो वरच, पण पळाला की खाली येतो. मान लांब आहे त्याची. आवळला तर खोकतो म्हणून एक भोक सैल ठेवलाय.

जतकर
मग पीस नाही खराब. कारवानची मान वर बारीक, खाली रुंद, आणि डोकं मानेएवढंच. सैल पट्टा घसरतो, फिरतो, आणि आतल्या दोन लोखंडी टोच्या कातडीला लागतच नाहीत. टेकल्या नाहीत की करंट नाही, मग तुम्ही आकडा वाढवत जाणार. आणि ज्या क्षणी पट्टा फिरून टोच्या नीट टेकल्या त्या क्षणी ६० चा पूर्ण झटका. या जातीला केस नाहीत, चरबी नाही, कातडी कागदासारखी. ६० म्हणजे फार झालं हो. जास्त पॉवरचा आणलात तर काय होईल विचार करा.

टेक्सासचा_तात्या
+१. हेच म्हणत होतो. आधी शून्यापासून एकेक वाढवत जायचं, कान हलला किंवा खाजवल्यासारखं केलं की तोच त्याचा आकडा. बऱ्याच कुत्र्यांचा एक आकडीच निघतो. टोची आणि कातडी यांत बोट जेमतेम शिरेल इतकाच घट्ट. आणि ८-१० तासांच्या वर घालून ठेवायचा नाही, मधेमधे जागा बदलायची, नाहीतर टोच्यांखाली जखमा होतात.

हेसेनकर
हेच तुमच्या पहिल्या प्रतिसादात असतं तर बरं झालं असतं.

कोथरूडची_मनी
जखमांवरून आठवलं, आमच्या बीगलला गोचिडांच्या पट्ट्यानेही मान लाल झाली होती. कोणाला झालंय का असं?

सर्जा_राजा
कारवान म्हणजे मुधोळच ना? २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळचं तिकीट काढलं होतं. एवढ्या मानाच्या कुत्र्याला शॉक देणार?

जतकर
सर्जाभाऊ, मुधोळ आणि कारवान एकच की वेगळे यावर आमच्याकडे जत्रेत मारामाऱ्या व्हायच्या बाकी असतात. त्याचा धागा वेगळा काढा, तिथे येतो. (वेगळेच आहेत.)

सर्जा_राजा
एकच आहेत. मुधोळच्या घोरपडे राजांनी नाव दिलं एवढंच.

गुरांचा_डॉक्टर
अवांतर बाजूला ठेवू. डाळिंबवाला, दोन प्रश्न. केकाटला तेव्हा त्याच्यासमोर नक्की कोण होतं? आणि त्यानंतर वागण्यात काही फरक?

डाळिंबवाला
शेरडं होती. आणि ती वळणारा शेजाऱ्याचा पोरगा. फरक असा काही नाही, शेरडांमागे अजून जातोच. तो पोरगा वस्तीवर आला की मात्र हल्ली दात दाखवतो, आधी त्याच्या हातून भाकरी खायचा. ते वेगळ्या धाग्यात विचारणार होतो, त्याचा याच्याशी काय संबंध?

गुरांचा_डॉक्टर
तोच तर संबंध आहे. तात्यांनी सापाचं सांगितलं ना, झटका बसला तेव्हा समोर जे होतं त्याच्याशी कुत्रा दुखणं जोडतो. सापाच्या बाबतीत ते हवंच असतं. तुमच्याकडे झटका बसला तेव्हा त्याची नजर बहुधा पोराकडे होती. त्याच्या हिशेबाने दुखवणारा तो पोरगा आहे, तुमच्या हातातला रिमोट त्याला माहीतच नाही. शेरडांचा पाठलाग तसाच राहिला आणि वर माणसाला चावायचा धोका आला. आजपासून पट्टा बंद, आणि तो पोरगा आला की कुत्रा बांधलेलाच पाहिजे. चावला तर शेजारी करडाचं विसरून जाईल. रेबीजची लस या वर्षीची झालीय ना?

डाळिंबवाला
लस झालीय. पोराचं लक्षात आलं नव्हतं कोणाच्याच. बरं, मग करू काय? जन्मभर बांधून ठेवू? डाळिंब तोडणीला आलं की चोऱ्या होतात, रात्री कुत्रा मोकळा लागतो.

निवांत_नाना
रात्री मोकळा, दिवसा बांधलेला. रात्री शेरडं बांधाने फिरतात का?

डाळिंबवाला
नाही.

निवांत_नाना
मग?

डाळिंबवाला
दिवसभर बांधला की रडतो. बायको म्हणते ऐकवत नाही.

जतकर
पळालेला नसतो म्हणून रडतो. पहाटे शेरडं सुटायच्या आत त्याला घेऊन बाहेर पडा, मोटरसायकलशेजारी लांब दोरीवर अर्धा तास दौडू द्या. थंडीत चालेल, उन्हाळ्यात तांबडं फुटायच्या आधी. असा पळालेला कारवान दुपारभर पोत्यावर झोपतो, हाक मारली तर एक डोळा उघडेल.

गुरांचा_डॉक्टर
मोटरसायकल नको हो, दोरी चाकात गेली तर दोघंही जातील. पडीक रानात हातात दोरी धरूनच पळवा. बाकी जतकरांशी सहमत.
सोबत एक करा. उकडलेली कलेजी बारीक चिरून खिशात ठेवायची. शेरडं लांब, अगदी ठिपक्याएवढी दिसत असताना सुरुवात. त्याने त्यांच्याकडे बघून कान टवकारले की शिट्टी, आणि वळून तुमच्याकडे आला की कलेजी. कान टवकारण्याच्या क्षणी तो अजून ऐकू शकतो. एकदा सुटला की या जातीच्या कुत्र्याला ऐकू येत नाही असंच समजा, पळणं हेच त्याचं बक्षीस असतं. अंतर हळूहळू कमी करा. महिने लागतील, शनिवारपर्यंत होणार नाही. तोवर दिवसा बाहेर काढताना जाळीचं मुसकं घाला, ज्यात जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं असं. कापडी, तोंड आवळणारं अजिबात नको, उन्हात गुदमरेल.

टेकडीवरचा
नसबंदी केली तर शांत होईल का?

गुरांचा_डॉक्टर
पाठलाग कमी होणार नाही, तो वेगळा विषय. पण करायचीच असेल तर भूल देणाऱ्याला आधी "साइटहाउंड (नजरेने शिकार करणारा) आहे" असं स्पष्ट सांगा. यांचं यकृत थायोपेंटॉनसारखी भुलीची औषधं हळू मोडतं, त्यामुळे ती यांच्यात फार वेळ उतरत नाहीत. दुसरी औषधं मिळतात.

हेसेनकर
आणि कायद्याचं? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा भारतातही आहे की.

टेक्सासचा_तात्या
आहे. १९६० चा, आणि कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. चहापाणी होतं तेवढ्यात. त्यापेक्षा कुत्रा रानात ससा धरेल त्याची काळजी करा, ते प्रकरण वन्यजीव कायद्यात जातं.

डाळिंबवाला
पट्टा मागवत नाही सध्या. शेजाऱ्याशी बोललो, शेरडं सुटायची वेळ त्याने सांगितली, त्याच्या आधी कुत्रा फिरवून आणतो. पोराला लांबूनच कलेजी टाकायला सांगितलंय, डॉक्टरसाहेब, चालेल ना?
आता अडचण दोरीची. गळ्याच्या पट्ट्यातून डोकं काढून पळतो. तालुक्याच्या दुकानातून हार्नेस आणला, मोठ्या कुत्र्याचा, त्यातूनही मागे सरकून निघाला.

गुरांचा_डॉक्टर
पोराचं चालेल, फक्त कुत्रा बांधलेला असताना, आणि पोराने त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, बाजूला तोंड करून टाकायचं. घाई करू नका.
दोरी मानेला नकोच. हा तीन उड्यांत पूर्ण वेग घेतो, दोरी संपली की सगळा हिसका मानेच्या मणक्यांवर.

जतकर
दुकानातला हार्नेस लॅब्रॉडॉरच्या मापाचा असतो, छाती-पोट एकसारखं. कारवानची छाती खोल आणि कंबर मुठीएवढी. दोन पट्ट्यांचा घातला तर मागे सरकून निघणारच. तिसरा पट्टा पाहिजे, बरगड्या संपतात तिथे कमरेच्या बारीक भागाला. बैलांचा साज शिवणारा कोणी असेल तुमच्याकडे बाजारात, त्याच्याकडून शिवून घ्या, आतून नमदा लावायला सांगा. मापं लागतील चार: मानेचा खालचा घेर, छातीचा सर्वांत खोल घेर, कंबर, आणि पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी. दोरी दहा मीटरची, शेवटाला गाठ किंवा फास ठेवू नका, डाळिंबाच्या काट्यात अडकते. मापं टाका इथे, आमच्या नराच्या साजाचा फोटो टाकतो.

डाळिंबवाला
मोजायला गेलो तर हलतोय. उद्या सकाळी पळून आला की घेतो.