कोडिंगच्या तासाला प्रश्न कुणाचा? मुलांचा की किटचा?

फोंड्याची टीचर

सरकारच्या केअर्स योजनेतून गोव्यातल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आलं, हे चांगलंच झालं. सत्तरी-काणकोणच्या मुलालाही पणजीच्या मुलासारखाच हा विषय मिळतो. माझं म्हणणं त्या तासाला नेमकं काय चालतं, याबद्दल आहे. किट उघडायचं, पुस्तिकेतल्या पायऱ्या ओळीने करायच्या, दिवा लागला की टाळ्या, आणि विज्ञान प्रदर्शनात आपोआप झाकण उघडणारी कचरापेटी मांडायची. दरवर्षी तीच कचरापेटी. झाकण का उघडतं असं विचारलं की मुलगा पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवतो.

गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकाला सूचना द्यायची भाषा तयार केली. मुलाने संगणकाला शिकवावं, संगणकाने मुलाला नव्हे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. आपण शाळेत वापरतो ते स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन, २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून आलं, तेही याच विचारातून. म्हणजे मुळात ही साधनं मुलांच्या प्रश्नांसाठीच बनली होती, आणि आपण त्यांचं पाठांतर करून टाकलं.

आमचा भाग जुवारीच्या काठचा, खाजनांचा. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: भरतीचं खारं पाणी अडवायला बांध घालून केलेली शेती म्हणजे खाजन. बांधातल्या दाराला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने ते लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतं.) सातवीच्या एका गटातल्या मुलीचे आजोबा मानशीची राखण करतात, पावसाळ्यात रात्रीबेरात्री बॅटरी घेऊन बांधावर जातात. गटाने विचारलं, पाणी किती चढलं ते घरात बसून कळेल का?

आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर किटमध्ये होता. मुलांनी तो बादलीवर टांगला आणि तांब्याने पाणी ओतायला लागली. पाणी वाढलं की पडद्यावरचा आकडा कमी व्हायचा. किट बिघडलंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी काही बोलले नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. शेवटी एका मुलीने फूटपट्टी बादलीत उभी धरली आणि म्हणाली, टीचर, हा पाणी मोजतच नाही, स्वतःपासून पाण्यापर्यंतची रिकामी जागा मोजतो. मग तळापासून सेन्सरपर्यंतच्या उंचीतून ते अंतर वजा करायचं, हे त्यांचं त्यांनीच काढलं. ती वजाबाकी पुस्तिकेत नव्हती.

म्हणून माझं मत: सत्रातले निम्मे तास तरी मुलांनी निवडलेल्या प्रश्नांना द्यावेत. काय वाटतं?

डिचोलीचा पालक

टीचर, तुमची तळमळ कळते, पण पटत नाही. माझी मुलगी आठवीत आहे. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकली, पाचवीला एकदम सगळं इंग्रजीत. हुशार मूल, पण दोन वर्षं नुसती शब्दांशी झगडत होती. आजही मोठा भागाकार आला की अडते. अशा मुलीला आधी वाचन आणि गणित पक्कं हवं की सेन्सर? शाळेचे तास मोजकेच आहेत. एक नवीन विषय आला की कुठल्या तरी जुन्या विषयाची वेळ जाते, ती गणिताची जाऊ नये एवढंच म्हणतो.

आणि घरी कोडिंगच्या नावाखाली फोन मागतात. काय पाहतात ते मी रोज पाहतो.

वाळपईहून एक शिक्षक

माझी हरकत वेगळी आहे. तास ४० मिनिटांचा, वर्गात पस्तीस मुलं, चालू संगणक आठ, आणि पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. करोनात आमच्याकडची मुलं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, तेव्हा तंत्रज्ञानाने सगळे समान होतात हे मला कुणी सांगू नये.

विद्यार्थीकेंद्री म्हणून तास मोकळा सोडला की वर्गाच्या केंद्रात कोण येतं? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो. माउस त्याच्याकडे, कल्पना त्याची, मागच्या बाकावरची मुलगी नुसती बघत राहते. ठरलेल्या पायऱ्या असल्या की निदान प्रत्येकाच्या हातून एकेक वायर जोडली जाते. तुम्ही ज्याला पाठांतर म्हणता, त्यात माझी गरीब मुलं तरी मागे राहत नाहीत.

कुळागरवाला

सर, मागच्या बाकावरच्या मुलीचा मुद्दा सोळा आणे खरा. माझी भाची तीच मुलगी आहे.

वेर्ण्याचा इंजिनिअर

मी यंत्रांच्या आत चालणारे प्रोग्रॅम लिहितो. नवीन मुलं कामावर येतात तेव्हा कल्पना भरपूर असतात, पाया कच्चा असतो. व्हेरिएबल (आकडा साठवायची नाव दिलेली जागा) म्हणजे काय, लूप (तीच सूचना परत परत चालवणं) कधी थांबतो, हे मुलांना स्वतःहून सापडत नाही, शिकवावं लागतं. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा २००६ चा निबंध शिक्षणशास्त्रात बराच गाजला. त्यांची मांडणी अशी की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर डोक्यावरचा भार वाढतो आणि शिकणं कमी होतं. सोडवून दाखवलेली उदाहरणं त्याला जास्त उपयोगी पडतात. मला हे रोजच्या कामात दिसतं.

आता तर एआयला सांगितलं की कोड लिहून मिळतो. चुकलं कुठे हे ओळखायला मात्र पायाच लागतो.

टीचर, एक कामाचं सांगतो. किटमधला साधा सेन्सर मानशीवर टिकणार नाही, खाऱ्या दमट हवेत लवकर गंजेल. पाणी लागलं तरी चालणारा त्याच जातीचा सेन्सर मिळतो. पण तो साधारण वीत-दीड वीतभर अंतराच्या आतलं मोजत नाही, तेव्हा अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या पातळीपासून चांगला हातभर वर टांगा.

फोंड्याची टीचर

सेन्सरचं सांगितलंत, फार उपयोग होईल. आता हरकतींकडे येते.

डिचोलीच्या दादांना: गणिताची वेळ जाते असं तुम्ही म्हणता, मला उलट दिसतं. तो सेन्सर मुळात अंतर देतच नाही, वेळ देतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जाऊन परत येतो, म्हणून दोनने भागायचं. हिशेब केला की एका सेंटिमीटरला जवळजवळ ५८ मायक्रोसेकंद पडतात. आलेल्या आकड्याला ५८ ने भागायचं हे मुलांनी वहीत, हाताने केलं. भागाकाराला कंटाळणारी मुलं होती त्यात. पण आजोबांना खोटा आकडा जायला नको म्हणून ताळा करून पाहत होती. तुमच्या मुलीला भागाकार येत नाही असं नसेल, तो कशासाठी करायचा हे तिला कुणी दाखवलं नसेल. आणि फोनचं म्हणाल तर माझ्या तासाला घरी फोन लागेल असा अभ्यास मी देतच नाही.

वाळपईच्या सरांना: तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. माझ्याकडेही संगणक पुरत नाहीत. म्हणून नियम असा: माउस ज्याच्या हातात, त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. शेजारी सांगेल तेवढंच करायचं. ठरावीक वेळाने जागा बदलायची. आणि संगणकावर जायच्या आधी पायऱ्या मराठीत वहीवर: ‘अंतर इतक्यापेक्षा कमी झालं तर घंटा वाजव, नाहीतर थोडं थांबून परत मोज.’ पाचवीला इंग्रजीत अडकलेली मुलं या टप्प्यावर पुढे येतात, कारण विचार त्यांच्या भाषेत चाललेला असतो. वीज गेली तरी तास बुडत नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून आलेली संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत आहे, त्यात १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची पाच कार्डं घेऊन मुलं द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहायच्या, संख्या शिकतात. पुठ्ठा आणि स्केचपेन पुरतं.

इंजिनिअर साहेब, लूप मी फळ्यावरच शिकवते, उदाहरण सोडवून दाखवते. त्यात आपलं भांडण नाही. मुलं ‘हे परत परत कसं मोजायचं?’ असं विचारायला आली की त्या दिवशी लूप शिकवते, एवढाच फरक. पुस्तिकेच्या क्रमाने आधीच शिकवला तर पुढच्या आठवड्यात विसरलेला असतो.

वेर्ण्याचा इंजिनिअर

असं असेल तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा असा की तुमच्यासारखं कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं हे कळायला शिक्षकाला स्वतः विषय चांगला यावा लागतो. सगळ्यांना थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात तो येईल का? ज्याला येत नाही, त्याच्या हातात पुस्तिका असलेलीच बरी.

वाळपईहून एक शिक्षक

हेच म्हणतो. विज्ञान शिकवणाऱ्यालाच कोडिंग दिलंय, वर निवडणुकीचं काम, मध्यान्ह आहाराचे हिशेब. माउसचा नियम मी उद्यापासून लावतो, वहीचाही. निम्मे तास मात्र देणार नाही. चारात एक देईन, आणि बाकी पुस्तिकाच. टीचर, मार्कांचं काय? गटात चौघं, काम एकाने केलं, मार्क चौघांना?

फोंड्याची टीचर

मार्क मी प्रत्येकाच्या वहीला देते, चालणाऱ्या यंत्राला नाही. कुठे अडलं, काय बदलून पाहिलं, त्याने काय झालं, हे ज्याचं त्याने लिहायचं. यंत्र चाललं नाही तरी पूर्ण मार्क मिळू शकतात.

निम्म्या तासांवर मी ठाम आहे, सर. चारातला एक तास प्रदर्शनाच्या तयारीतच संपतो.

डिचोलीचा पालक

ती वही पालकसभेला ठेवा. प्रदर्शनातलं मॉडेल पाहून मला माझ्या मुलीबद्दल काहीच कळत नाही, वही वाचून कळेल. आणि तोपर्यंत गणिताच्या तासाला कुणी हात लावू नये, यावर मीही ठाम आहे.