चिकाटी सातबाऱ्यावर दाखवा, ग्रुपांवर नव्हे

गडग्यापलीकडचा (रत्नागिरी तालुका)

जमीन व्यवहारात नव्याने उतरणाऱ्यांसाठी एका तरुण मध्यस्थाने लिहिलेला उपदेश गेल्या आठवड्यात वाचनात आला. त्याचा मथितार्थ असा, की चाळीस ग्रुपांत शिरा, रोज सकाळी न चुकता प्लॉट टाका, कोणी विचारले नाही तरी नेटाने टाकत राहा. ओळखी वाढतील आणि गिऱ्हाईक आपण होऊन फोन करील. त्याखाली अंगठ्यांची रांग लागलेली पाहून राहवले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझ्या फोनवर रोज सकाळी सव्वासातला एकच प्लॉट येतो. 'सी टच, क्लिअर टायटल, फक्त आज.' हे 'फक्त आज' गेल्या शिमग्यापासून चालू असून फोटोतला वाकडा माडही आता घरचा वाटू लागला आहे. तो जमिनीचा गट मला ठाऊक आहे. भरतीरेषेपासून मोजले तर निम्मी जागा 200 मीटरच्या ना-विकास पट्ट्यात, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या किनारपट्टीत जाते. सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत, त्यांतील पाच जण मयत असूनही वारसनोंद झालेली नाही, आणि इतर हक्कांत कुळाचे नाव अजून बसलेले आहे. जायची वाट म्हणजे शेजाऱ्याच्या गडग्यातले (दगडी कुंपणातले) बेडे, तेही त्याच्या मर्जीने उघडणारे.

आमच्या गावात एक वृद्ध मध्यस्थ होते. गणपतीत चाकरमानी आले, की दुसऱ्या दिवशी ते आरतीला हजर असत आणि प्रसाद घेऊन निघून जात. कागदाचा विषय काढत नसत. एका सहीसाठी ते चार गणपती थांबले होते. मी चिकाटी म्हणतो ती ही.

लाल माती (दापोली)

तो उपदेश माझा आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आरतीला हजर राहण्यासाठी आधी त्या घरात पाऊल टाकता यावे लागते. जुन्या मध्यस्थांना ओळखी वारशाने मिळाल्या: कोणी खोतांच्या नात्यातले, कोणाचे वडील तलाठी. 1949 च्या कायद्याने खोती गेली, परंतु कोणी कोणाच्या पडवीत बसायचे याचे नियम त्या कायद्याने बदलले नाहीत. माझे वडील दुसऱ्यांच्या बागेत कामाला जात. मला ओळखी मिळाल्या त्या ग्रुपांवरच.

पहिले चौदा महिने माझ्या हातून एकही खरेदीखत झाले नाही. मग ठाण्याच्या एका गृहस्थांनी ग्रुपवर विचारले, की सातबाऱ्यावर नाव नसताना शेतजमीन घेता येईल का. 'सगळे मॅनेज होते' अशी सहा उत्तरे आली. मी लिहिले, की कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा बिनशेती झालेली जागा पाहा किंवा नाद सोडा. त्यांनी नाद सोडला. तीन महिन्यांनी त्यांच्या मेहुण्यांचा फोन आला, आणि तोच माझा पहिला व्यवहार ठरला.

गडग्यापलीकडचा

गोष्ट उत्तम आहे. पण उपदेशात ती नाही. उपदेशात चाळीस ग्रुप आहेत. गिऱ्हाईक मिळाले ते एका खऱ्या उत्तरामुळे आणि आपण शिकवता सव्वासातची आरोळी.

हापूस नंतर

ग्रुपवर जाहिरात टाकणाऱ्या प्रत्येकाला महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांक लिहिण्याची सक्ती करावी, निम्मे दलाल त्याच दिवशी गप्प होतील. मी इसार म्हणून पन्नास हजार दिले होते. ज्याने घेतले तो दुसऱ्याच दिवशी ग्रुप सोडून गेला आणि ॲडमिन म्हणाले, 'आम्ही फक्त जोडून देतो.'

कागद आधी (वकिली, कुडाळ)

आपल्या पन्नास हजारांचे वाईट वाटते, परंतु क्रमांक हा सर्वच ठिकाणचा उपाय नाही. 2017 पासून लागू असलेली ती व्यवस्था प्रकल्पांसाठी आहे. 500 चौरस मीटरांवरील जमिनीचे प्लॉट पाडून विक्री सुरू झाली, की नोंदणी हवी, आणि तेथे विक्री करून देणाऱ्या मध्यस्थालाही हवी. त्यासाठी 2023 पासून परीक्षाही आली आहे. नुसत्या शेतजमिनीचा सौदा जुळवणारा त्या चौकटीत येत नाही. आपल्याकडचे बहुतेक व्यवहार नेमके याच प्रकारचे आहेत.

माहेर गुहागर

आपण सगळे विकणाऱ्यांविषयी आणि घेणाऱ्यांविषयी बोलता आहात. ज्यांची जमीन आहे त्यांना कोणी विचारले का?

माझ्या माहेरची जागा विकायला निघाली आहे, हे मला अशाच एका ग्रुपवर कळले. मी भाकऱ्या भाजत होते. फोटोत आमची विहीर दिसली, रहाटाचा एक खांब मोडका आहे त्यावरून ओळखली. खाली 'क्लिअर टायटल' लिहिले होते. सातबाऱ्यावर माझे आणि बहिणीचे नाव आहे. त्या मध्यस्थाला फोन केला तर म्हणाला, 'ताई, तुमची फक्त एक सही लागेल, मी घरी येऊन घेऊन जाईन.' नंतर तो रोज फोन करू लागला, अगदी सणाच्या दिवशीही. त्याच्या लेखी ती चिकाटी असावी. मला तो छळ वाटला.

सारा भरणारा

ताईंचा मान राखून विचारतो. वीस वर्षांत त्या विहिरीचा गाळ कोणी काढला? कौले कोणी शाकारली? गावी राहणारा भाऊ वानर-माकडांपासून बाग राखतो, आणि जमिनीला भाव आला, की बहिणींना कायदा आठवतो. माझ्या घरी हेच घडले. ठरलेला सौदा एका हक्कसोडपत्रासाठी मोडला, गिऱ्हाईक पुढच्या गावात गेले आणि जमीन आजही ओसाड आहे.

माहेर गुहागर

गाळ काढल्याचा हिशेब द्या, मी माझा वाटा देईन. विहीर देणार नाही. आणि आठवण कायद्याने करून दिलेली नाही. फोटोने करून दिली.

कागद आधी

आवाज चढण्यापूर्वी दोन गोष्टी नोंदवतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः समान हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरे असे, की एका हिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. मात्र घेणाऱ्याच्या पदरी वाटपाचा दावा पडतो, आणि त्याच कायद्याच्या कलम 22 खाली सहवारस 'आधी आम्हाला द्या' म्हणून उभे राहू शकतात. 'क्लिअर टायटल' लिहिणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

सारा भरणारा

कायदा पाठ असणाऱ्यांनी एकदा आमच्या बागेत वानर हाकायला यावे. बहिणीची सही लागते, हे मान्य आहे. करायचे काय, लागतेच.

लाल माती

ताई, तो मध्यस्थ मी नव्हे. परंतु असे फोन मीही केले आहेत, हे लपवत नाही. 'रोज' हा शब्द उपदेशातून काढतो.

मात्र ग्रुपांना सरसकट शिव्या देणाऱ्यांसाठी एक सांगतो. मंडणगडकडच्या एका सामायिक गटातले दोन वारस कोणालाच सापडत नव्हते. गावच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर मी जमिनीचा उल्लेखही न करता फक्त घराण्याचे नाव आणि वाडी लिहून विचारणा केली. अकराव्या दिवशी डोंबिवलीहून एका आजींच्या नातसुनेचे उत्तर आले. चार गणपती थांबलो असतो तर आजी राहिल्या नसत्या.

गडग्यापलीकडचा

अकरा दिवसांत वारस सापडतो, हे आमच्या वृद्ध मध्यस्थांना कळते तर त्यांनी आरत्या वाचवल्या असत्या. असो. एवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य करतो. सव्वासातच्या माडाला मात्र क्षमा नाही.

आता बोललोच आहे तर सांगून टाकतो. वर लिहिलेल्या सतरा नावांत आठवे नाव माझे आहे. पाच मयतांपैकी एक माझे चुलत आजोबा. त्यांची मुले बडोद्यास गेली, पुढचे कोणालाच ठाऊक नाही. घराण्याचे नाव आणि वाडी आपल्याला खासगीत कळवतो. बडोद्याच्या एखाद्या ग्रुपवर विचारून पाहा. जमिनीचा उल्लेख नको आणि दलालीची अपेक्षाही नको.

लाल माती

कळवा. त्या माडाचा फोटो कोण टाकतो, तेही कळवा. तो माझा नव्हे.