दहा बाय बाराच्या खोलीत क्लोज कसा घ्यायचा? आमची आई बिचारी दिसतेय

चाळकरीण:
काळाचौकीत आमच्याच खोलीत आठ मिनिटांची शॉर्टफिल्म करतेय. पात्रं दोन. आई (म्हणजे माझी मावशी) मागच्या भिंतीला टेकून विळीवर भाजी चिरतेय, मुलगी दारात उभी राहून म्हणतेय, बिल्डरच्या कागदावर सही कर. आई करत नाही. गोष्ट एवढीच.

गेल्या रविवारी मोबाइलवर सगळं उरकलं. काल एडिटला बसले तर तीन गोंधळ. क्लोजमध्ये मावशीचं नाक बटाट्याएवढं. दोघीही उजवीकडेच बघतायत, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलतायत. (आईला कॉटच्या बाजूने घेतलं आणि मुलीला कपाटाच्या, तिथेच उभं राहायला जागा होती.) आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई दीनवाणी दिसते. ती तशी नाहीये हो, चांगली खमकी आहे! ट्रायपॉड माझ्या खांद्याएवढा होता. येत्या रविवारी परत शूट. मोबाइलला लावायच्या लेन्सचं किट घेऊ का?

बोरिवली_स्लो:
मी घेतलं होतं. त्यातल्या एका भिंगाने आता आजोबा पंचांग वाचतात.

थर्माकोलवाला:
किट नको. मी 22 वर्षं गोरेगाव-मढला कॅमेरा अटेंडंट, हल्ली फोकस सांभाळतो. तू म्हणतोय, वयाने माझ्या मुलीएवढी असशील.

नाकाचा दोष लेन्सचा नाही, तू किती जवळ गेलीस त्याचा. मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड असते, त्यामुळे चेहरा भरून यायला तू दीड फुटावर गेली असणार. तिथून नाक 18 इंचांवर आणि कान साधारण 23 इंचांवर. पाच इंचांचा फरक तिथे फार होतो, म्हणून नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. मावशीपासून पाच फुटांवर जा, 2एक्स लाव. आता 60 आणि 65. छातीपर्यंतचा छान क्लोज मिळेल आणि मावशीला तिचं नाक परत मिळेल.

दुसरं, लुक, म्हणजे नजरेची दिशा. आईचा लुक उजवा तर पोरीचा डावा पाहिजे. दोघींच्या डोळ्यांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय समज. कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला. तू कॉटकडून कपाटाकडे गेलीस, तिथे दोरी ओलांडलीस. दोन्ही शॉट कॉटच्याच बाजूने घे. कॉट गॅलरीत काढ, शेजारी एक दिवस ओरडतील. पोरीच्या शॉटमध्ये आईच्या खांद्याचं सजेशन ठेव, कडेला नुसती खांद्याची कड, म्हणजे कोण कुठे बसलंय ते बघणाऱ्याला न सांगता कळतं. मास्टर, म्हणजे दोघी एकत्र दिसतात तो पूर्ण सीनचा शॉट, मात्र खोलीत घेऊच नकोस. गॅलरीत जा, खिडकी दाराच्या कॉटकडच्या अंगाला असेल तर गजांतून घे. पुढे पोरीची पाठ, आत लांब आई.

आता बिचारी का दिसते. लोक आय लेव्हल म्हणतात आणि स्वतःच्या डोळ्यांएवढा ट्रायपॉड लावतात. अगं, डोळे कुणाचे? चाळीत अर्धं आयुष्य जमिनीवर बसून जातं. बसलेल्या बाईचे डोळे अडीच फुटांवर, तुझा कॅमेरा साडेचार फुटांवर, म्हणजे तिच्यासाठी तो टॉप अँगलच झाला. तिच्याकडे तू उभं राहून बघितलंस, जसा तो बिल्डरचा माणूस बघत असेल. कॅमेरा खाली आण. ट्रायपॉड तेवढा खाली जात नसेल तर तांदळाचा डबा घे. आम्ही सेटवर ॲपल बॉक्स, म्हणजे लाकडी पेटी, वापरतो, काम तेच.

मग तू म्हणशील, आईच्या उंचीवरून घेतलं की दारातली पोरगी लो अँगलमध्ये येते आणि तीच दणदणीत दिसते. दिसू दे. लो अँगल म्हणजे ताकद हे क्लासवाल्यांचं गणित. पोरगी फ्रेमभर उभी राहून बोलतेय आणि आई मान वर न करता खचाखच चिरतेय, तर वजन कुणाचं? मावशीला फक्त एक सांग: पोरीकडे वर बघायचं नाही. अगदी शेवटी एकदा बघ, तेही विळी आडवी पाडल्यावर.

रात्रपाळी:
दोरीबद्दल इतकं कडक कशाला? जपानी दिग्दर्शक ओझूंनी आयुष्यभर ती ओलांडली. ‘टोकियो स्टोरी’ (1953) बघ, समोरासमोरची माणसं एकाच दिशेला बघताना दिसतात. पण तांदळाच्या डब्याला माझं मत. त्यांचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असायचा आणि लेन्स बहुतेक 50 एमएमची.

थर्माकोलवाला:
मान्य. पण त्यांनी पहिल्या रिळापासून बघणाऱ्याला तशी सवय लावली. हिने आठ मिनिटांत एकदाच ओलांडली तर लोक म्हणणार, पोरीला येत नाही.

आणि हो, चाळकरीण, ट्यूबलाइट चालू ठेवणार असशील तर ऑटोवर सोडू नकोस. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद ठेव, नाहीतर भिंतीवर पट्टे फिरतील. खिडकीसमोर थर्माकोल धर, उजेड त्यावरून उलटून चेहऱ्यावर येईल, दुसरा लाइट लागणार नाही.

चाळकरीण:
काका, रविवारी केलं सगळं. कॉट गॅलरीत काढल्यावर समोरच्या आजी तिच्यावर येऊन बसल्या आणि चार टेकमध्ये खोकल्या. मास्टर खिडकीतून घेतला, गज थोडे आउट ऑफ फोकस ठेवले. डबा तांदळाचा नव्हता, रव्याचा होता, डुगडुगत होता, खाली पाट सरकवला.

मावशीने वर न बघायचं इतकं मनावर घेतलं की शेवटीही बघितलं नाही. विळी पाडली, भाजी टोपलीत भरली आणि उठून मोरीकडे गेली. फ्रेममध्ये नुसती विळी राहिली. मी कट म्हणायचंच विसरले. तोच ठेवतेय.

एकच घोळ. मास्टर आणि क्लोज नवे आहेत, पण हातांचे शॉट चांगले आले होते म्हणून जुनेच ठेवणार होते. मागच्या रविवारी मावशी गवार चिरत होती. या रविवारी मेथी.

थर्माकोलवाला:
जुने हात फेकून दे. मेथीची जुडी आण, मावशीला त्याच बांगड्या घालायला सांग, अर्ध्या तासाचं काम आहे.

बोरिवली_स्लो:
आणि गवार?

चाळकरीण:
सोमवारीच खाल्ली.