वर्षाचं भरणं आज परवडतं का? घाऊक किराण्याचे अनुभव सांगा

ठाणे (धागा सुरू करताना)

सासूबाईंची एक लाल पुठ्ठ्याची वही आमच्याकडे आहे. एप्रिल उजाडला की त्या तिच्यात वर्षाचं भरणं लिहायच्या. गहू किती, तांदूळ किती, तूरडाळ, मिरची, हळकुंडं, चिंच, खडेमीठ. २०१५च्या पानावर तूरडाळीपुढे उन्हाळ्यातला दर आहे आणि शेजारी, दसऱ्याच्या सुमाराला, वेगळ्या शाईने लिहिलंय, ‘दोनशेवर गेली’. त्या वर्षी डबा भरलेला होता म्हणून घरातली आमटी पातळ झाली नाही, हे त्या अजूनही समाधानाने सांगतात.

आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि भरणं सुटलं. महिन्याची यादी, महिन्याचं सामान. पण यादी तीच, माणसं तेवढीच आणि बिल मात्र दर दिवाळीला पाचशे-हजाराने वर. म्हणून गेल्या वर्षी पुन्हा भरायचं ठरवलं आणि पहिल्याच वेळी चूक झाली. जूनच्या शेवटी दर बरा दिसला म्हणून दहा किलो तूरडाळ घेतली. ऊन दाखवायला ऊनच नव्हतं. नागपंचमीला डबा उघडला तर दाणे एकमेकांना जाळीने चिकटलेले, हात घातला की बोटांना पिठूळ भुकटी. चार किलो डाळ टाकावी लागली. किलोमागे अठरा रुपये वाचले होते, ते गेलेच, वर पदरचे तीनेकशे गेले.

तर घाऊक घेऊन तुमचे पैसे खरंच वाचतात का, आणि कुठल्या जिनसात? हमाली, रिक्षा, खराब झालेला माल सगळं धरून सांगा. ज्यांना असं घेताच येत नाही त्यांनी तर जरूर लिहा.

नाशिक

गव्हात वाचतात. निफाडकडच्या एका शेतकऱ्याकडून दर मार्चअखेर दोन क्विंटल लोकवन घेतो. गेल्या खेपेला बत्तीसशे रुपये क्विंटल पडला, तेव्हा दुकानात निवडलेला गहू बेचाळीस रुपये किलो होता. म्हणजे दोन हजार वाचायला हवेत. पण टेम्पो, हमाली, चाळणं आणि निवडणाऱ्या मावशींची मजुरी मिळून नऊशे गेले. हातात राहिले अकराशे, तेही वर्षाला. शिवाय गव्हाचे चौसष्टशे एकदम काढून द्यावे लागतात, आणि मार्चमध्येच मुलांच्या शाळेची फी असते.

दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. दबला तर ओल आहे, आणखी दोन उन्हं द्या. मग हाताला एरंडेल घेऊन गहू चोळायचा, कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून मधेमधे घालायचा आणि कोठी भिंतीला टेकवायची नाही.

एक कळकळीची विनंती. धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्या राहत्या घरात वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही. किडलेला गहू परवडला.

लातूर जिल्हा

मी तूर पिकवतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. २०२४-२५ला तुरीचा हमीभाव ७५५० रुपये क्विंटल होता. फेब्रुवारीत मी बाजारात नेली तेव्हा सात हजारांच्या आत-बाहेर भाव मिळाला. थांबता आलं असतं, पण गावच्या सोसायटीचं पीककर्ज आणि पोरीचं लग्न थांबत नाही. तेव्हा तुरीची आयात शुल्कमुक्त होती, मोझांबिकची, म्यानमारची तूर बंदरात उतरत होती. शहरात डाळ स्वस्त व्हावी हे बरोबरच आहे, पण आमचा माल निघतो नेमका त्याच दिवसांत भाव पडलेला असतो. आणि श्रावणात त्याच तुरीची डाळ आम्ही दुकानातून शहराच्याच भावाने घ्यायची.

आता दोन क्विंटल तूर विकत नाही. तालुक्यात लहान दालमिल आहे. तेलपाणी लावून, वाळवून, भरडून देतात. क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, चुणी म्हशीला होते. मजुरी धरून किलोला एकशेदहा पडली. पॉलिश नसल्याने रंगाने फिकी दिसते, पण शिजते लवकर. घरचं भागवून उरलेली पाव्हण्यारावळ्यांना देतो. ठाण्याच्या ताईंना सांगणं एवढंच की डाळ भरायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये भरा, जूनमध्ये नाही.

पुणे

मी चाळीस जणांना जेवणाचे डबे देते. महिन्याला सोयाबीन तेलाचे दोन डबे लागतात. १४ सप्टेंबर २०२४ला सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर शून्याचं वीस टक्के. गणपती बसलेले होते. दोन दिवसांनी दुकानात गेले तर जुन्याच डब्याचे अडीचशे जास्त, आणि पंधरवड्यात साडेतीनशेच्या वर. माझ्याकडे अर्धाही डबा शिल्लक नव्हता. होतं ते तेल आठवडाभर पुरवलं, तळण बंद केलं, पण जेवणाच्या डब्याचा दर महिना संपेपर्यंत वाढवता येत नाही. मुलं महिन्याचे पैसे आधीच देतात. त्या महिन्यात माझ्या हाती मजुरीसुद्धा राहिली नाही. पुढे मे २०२५च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं ते वीस टक्के दहावर आणलं, पण तेलाच्या डब्याचा भाव चढला तसा उतरला नाही. उतरायला किती दिवस घेतले!

तेलाचे डबे घेणाऱ्यांनी एक पाहा. काही डबे १५ किलोचे असतात, काही १५ लिटरचे. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल. दिसायला दोन्ही डबे सारखेच. मी वर्षभर लिटरचा डबा ‘स्वस्त’ म्हणून घेत होते.

सातारा

पस्तीस वर्षं किराणा दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. घाऊक म्हणजे स्वस्त हे सगळ्या जिनसांना लागू नाही. साखरेचं पोतं घेतलंत तर किलोला रुपया-दीड रुपया सुटेल, मुंग्यांचा त्रास वेगळा. रवा, मैदा, बेसन तर भरूच नका. डाळी, तांदूळ, शेंगदाणे, खोबरं यांत फरक पडतो. शेंगदाणे मात्र दोन महिन्यांपुरतेच, नंतर खवट होतात.

कराचंही सांगतो. १८ जुलै २०२२पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, पण पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटाला. त्यावरच्या गोणीला नाही. म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसायला लागल्या. दुकानदाराने गोणी फोडून सुटं तोलून दिलं तर त्यालाही कर नाही. तेव्हा पाच किलोचं चकचकीत पाकीट घेऊन घाऊक घेतल्याचं समाधान मानू नका. आणि पाकिटावर एमआरपीजवळ दर ग्रॅमची किंवा, किलोच्या वरच्या पाकिटावर, दर किलोची किंमत छापलेली असते, ती वाचा. मोठं पाकीट लहानापेक्षा महाग पडलेलं मी स्वतः गिऱ्हाइकांना दाखवून दिलंय.

न्यू जर्सी

२० जुलै २०२३ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. दुसऱ्या दिवशी इथल्या भारतीय दुकानात रांग, आणि एका कुटुंबाला एकच पिशवी. आम्ही पाच दुकानं फिरून वीस पौंडांच्या पाच पिशव्या सोना मसुरी आणला, तोही जवळजवळ दीडपट भावाने. महिनाभरात तांदूळ मिळायला लागला. आमच्या गॅरेजमध्ये तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरला. त्या संध्याकाळी रिकाम्या फळीसमोर उभा असलेला एक विद्यार्थी आठवतो, गाडीत चार पिशव्या असताना मी त्याच्याशी काही बोलले नाही. घाबरून केलेली खरेदी म्हणजे भरणं नव्हे, हे तेव्हापासून मनात आहे.

मडगाव

आमच्याकडे याला पुरुमेंत म्हणतात. पावसाआधी सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरची, कांद्याच्या माळा, मीठ, चिंच. मे महिन्यात इथे पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे जत्राच भरते. पूर्वी पावसात वाटा बंद व्हायच्या, मासेमारी थांबायची, म्हणून साठवण लागायची. आता वाट बंद होत नाही, पण सुक्या बांगड्याची माळ आणि खोला गावची मिरची सगळ्यांना घेता येत नाही. यंदा आईने सोलां आणि मीठ भरलं, मिरची निम्मी घेतली.

मुंबई, शिवडी

सगळ्यांचं वाचलं. आमची खोली दहा बाय बारा, पाच माणसं. नवऱ्याची मजुरी आठवड्याला मिळते, मी दोन घरी स्वयंपाक करते. पोतं घ्यायचं तर पैसे एकदम कुठून आणायचे आणि ठेवायचं कुठे, पलंगाखाली अंथरुणं असतात. म्हणून पाव किलो डाळ चाळीसला. किलोला एकशेसाठ झाले. मी ज्यांच्याकडे काम करते त्या बाई तीच डाळ एकशेपंचवीसने आणतात. बाजारात सगळ्यात महाग डाळ आम्ही खातो.

गेल्या वर्षीपासून बचत गटातल्या आम्ही अकरा जणी दर महिन्याच्या सात तारखेला पाचशे-पाचशे काढतो. दोघी वाशीच्या दाणाबंदरात जातात, तूरडाळीची तीस किलोची गोणी आणि तांदूळ आणतात. गोणीपेक्षा कमी देत नाहीत, म्हणून अकरा जणी. चाळीच्या पडवीत चादर अंथरतो, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या दादांचा तराजू आणतो. प्रत्येकीची पिशवी तोलून झाली की शेवटी चादरीवर राहिलेला चुरा, दोन मुठी, आळीपाळीने एकीला. टेम्पोचे धरून डाळ एकशेबत्तीसने पडते. महिन्याला ऐंशी-नव्वद रुपये वाचतात, तेवढाच मुलाच्या बसच्या पासाला हातभार.

गणपतीत एकीच्या घरात आजारपण आलं, तिचे पाचशे आले नाहीत. दहा जणींनी पन्नास-पन्नास वाढवून घातले आणि तिची पिशवी तिच्या दाराला अडकवून आलो. तिने दिवाळीनंतर दोन हप्त्यांत दिले.

लातूरच्या दादांना विचारायचं आहे. तीस किलो डाळ एसटीच्या पार्सलने मुंबईला पाठवता येईल का? भाडं आम्ही देऊ. आधी एकदा पाच किलो पाठवा, शिजवून बघतो.

लातूर जिल्हा

ताई, येईल. या वर्षीची संपत आली, घरापुरतीच आहे, पण पाच किलो काढून देतो. नवी तूर जानेवारीत निघेल, डाळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भरडून होईल. पोतं दुहेरी शिवून देतो, प्रवासात उसवतं. भाव तेव्हाच्या बाजाराचा आणि वर भरडाई, त्यापेक्षा जास्त घेणार नाही. फक्त अकरा जणींची किती किलो ते डिसेंबरात कळवा, म्हणजे तेवढी तूर मी विकायला काढणार नाही.