सेंट्रल हीटिंगमधील बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा का?

प्रश्न

नमस्कार. आम्ही लीड्समध्ये जुने घर घेतले आहे. त्यात गॅसचा कंडेन्सिंग (धुरातील वाफेची उष्णताही वापरणारा) बॉयलर, गरम पाण्याची वेगळी टाकी, टाकीकडे व रेडिएटरांकडे पाणी सोडणारे दोन मोटरचे व्हॉल्व्ह आणि नऊ रेडिएटर आहेत. दिवाणखान्यातला एक सोडून बाकी सर्वांना थर्मोस्टॅटच्या झडपा आहेत. पंपाच्या पुढे, मोटरच्या व्हॉल्व्हांच्या अलीकडे, जाणारा आणि परतीचा पाईप जोडणारा एक आखूड पाईप (बायपास) असून त्यावरचा लाल चाकाचा गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. तो पाईप सतत कढत असतो. मी एके दिवशी तो बंद केला, तेव्हा खोल्या लवकर तापल्या, परंतु रात्री शयनगृहातल्या झडपा शिट्टीसारख्या वाजू लागल्या आणि हीटिंग थांबताच बॉयलरमधून किटलीसारखा आवाज आला. तो बंद ठेवावा का?

प्रतिसाद १

कृपया तो आजच पूर्वीइतका उघडा. ज्योत विझल्यावरही बॉयलरच्या आतील उष्णता वाहून नेण्यासाठी पंप काही मिनिटे चालू राहतो. त्या वेळी मोटरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील, तर पाण्याला फिरायला दुसरी वाटच उरत नाही आणि अडकलेले पाणी आत उकळू लागते. आपण ऐकलेला आवाज बहुधा त्याचाच आहे.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे, पण आपली शंकाही रास्त आहे. कायम उघडा असलेला बायपास गरम पाणी रेडिएटरांना वळसा घालून परत पाठवतो, त्यामुळे परतीच्या पाण्याचे तापमान वाढते. ते सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले की धुरातील वाफेचे पाणी होत नाही आणि कंडेन्सिंग बॉयलरचा मुख्य फायदाच हातचा जातो. यावर उपाय म्हणजे गेट व्हॉल्व्हच्या जागी स्वयंचलित बायपास व्हॉल्व्ह बसवणे. त्यातील झडप स्प्रिंगने मिटलेली असते आणि खोल्या तापून रेडिएटरांच्या झडपा मिटत गेल्या, म्हणजे दोन पाईपांतील दाबाचा फरक वाढला, की ती तेवढ्यापुरती उघडते. शिट्टीही त्यानेच थांबते. बसवल्यावर सर्व रेडिएटर उघडे ठेवून त्याच्यावरील दाबाचा आकडा सर्वांत वर न्यावा आणि मग रेडिएटर बंद करून, बायपासच्या पलीकडचा पाईप हाताला गरम लागेपर्यंत आकडा हळूहळू उतरवावा. नंतर सर्व रेडिएटर पुन्हा उघडल्यावर तो पाईप निवला पाहिजे. हे तपासायला बहुतेक जण विसरतात.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. आधी बॉयलरची पुस्तिका पाहावी, कारण काही बॉयलरांमध्ये, विशेषतः काँबी (वेगळ्या टाकीविना नळाचे पाणीही तापवणाऱ्या) प्रकारात, बायपास आतच असतो, तर काहींना किमान प्रवाह आणि बायपासपर्यंतच्या पाईपची किमान लांबी लागते. पंप दाब आपोआप कमी करणारा असेल, तर वरील आकडा बराच खाली ठेवावा लागतो, नाहीतर झडप उघडतच नाही. व्हॉल्व्हवरील बाण परतीच्या पाईपकडे असावा. हे काम पाण्याच्या पाईपांचे आहे. बॉयलरचे आवरण मात्र गॅस सेफ (ब्रिटनमधील गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या कारागिरानेच उघडावे. आणि पाणी काढून पुन्हा भरताना गंजरोधक द्रव घालायला विसरू नये.